ठाणं छोटं, पण मोक्यावर

'व्हॅलहाइम' हा व्हिडिओ गेम स्वीडनच्या आयर्न गेट स्टुडिओने 2021च्या फेब्रुवारीत बाजारात आणला. मेलेला व्हायकिंग योद्धा अनोळखी जगात उतरतो. तिथे लाकूड तोडायचं, घर बांधायचं, राक्षसांशी लढायचं. घर सजवण्यात बहुतेकांचा जीव रमतो. माझा जीव मात्र दूरच्या ठाण्यांत अडकलेला असतो.

त्याला कारण खेळातला एक नियम. एकाच नावाची दोन पोर्टलं बांधली की एकातून शिरून क्षणात दुसऱ्यातून बाहेर पडता येतं. पण मूळ नियमांनुसार तांबं, कथील, लोखंड, चांदी त्यातून नेता येत नाही. दलदलीतल्या भुयारांत सापडणाऱ्या भंगार लोखंडाच्या एका तुकड्याचं वजन 10, आणि सुरुवातीला माणूस 300 वजन पेलतो. म्हणजे 30 तुकडे, तेही अंगावर काहीच नसलं तर! उरलेला माल होडीनेच आणायचा. लाँगशिपमध्ये सामानाचे 18 कप्पे असतात, तेव्हा ठाणं खाणीजवळ हवं आणि किनाराही हाकेच्या अंतरावर हवा.

दलदलीच्या आत ठाणं घालू नये, काठावरच्या कोरड्या रानात घालावं, असं माझं ठाम मत आहे. आत सतत पाऊस, आणि अंग भिजलं की दम हळूहळू भरतो. काठावर शेतातल्या खोपीएवढा आडोसा पुरतो. वर्कबेंचला 10 लाकडं लागतात आणि त्याच्याभोवती 20 मीटरपर्यंत नवे शत्रू आपोआप उगवत नाहीत. झोपायला डोक्यावर छप्पर आणि जवळ शेकोटी हवी. छपरात धुराला वाट ठेवाच, नाहीतर कोंडलेला धूर जीव घेतो.

सगळ्यात मोलाचा पलंग. तो आपला करून ठेवला की मेल्यावर तिथेच जाग येते. सामान मात्र मेल्या जागी थडग्यात पडून राहतं. पलंग समुद्रापल्याडच्या घरी असेल, तर ते आणायला उघड्या अंगाने अख्खा प्रवास पुन्हा करावा लागतो. म्हणून पलंग ठाण्यातच ठेवावा आणि तिथल्या पेटीत जुनी ढाल, कुऱ्हाड आणि थोडं शिजवलेलं मांस ठेवावं. डोंगरावर ठाणं असेल तर थंडी सोसायचं पेयही.

नव्याने खेळणाऱ्यांना एवढंच सांगेन: 20 फाइन वूड, 10 ग्रेड्वार्फचे डोळे आणि 2 सर्टलिंग कोअर हे पोर्टलचं साहित्य गाठीशी असल्याशिवाय होडी सोडू नका.