झाली नऊ, हाती लागली पाच

"वंशावळ? कुणबी दाखल्यापायी का?" आम्ही ओसरीवर टेकायच्या आत आजींनी विचारलं. मांडीवर सूप, सुपात भुईमुगाच्या शेंगा. बोलताना हात थांबत नव्हते.

दाखल्यासाठी नाही म्हटल्यावर त्यांचा जरा विरसच झाला. 2023 मध्ये जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून जुन्नरकडच्या या गावांत वंशावळ हा शब्द पोरासोरांच्याही तोंडी आहे. पण तहसीलला लागते ती वंशावळ सरळसोट खाली उतरते: खापरपणजा, पणजा, आजा, बाप, अर्जदार. बायांचा तिच्यात सहसा पत्ता नसतो. विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाला हवी असते ती आडवी पसरणारी. घरात आलेली, घरातून गेलेली, मेलेली, सोडून दिलेली, सगळी माणसं तिच्यात हवीत.

दर हिवाळ्यात एम.ए.च्या पोरांना घेऊन मी अशा शिबिराला जातो. मुक्काम शाळेच्या वर्गात, सतरंजीवर. सकाळी पोहे खाऊन दोघादोघांच्या जोड्या घरं वाटून घेतात. कागद आडवा धरायचा. मधोमध सांगणारं माणूस. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, मेलेल्यावर तिरकी रेघ. चिन्हं पाच मिनिटांत पाठ होतात. विचारावं कसं, हे यायला मात्र वर्षं जातात.

ही पद्धत घालून दिली डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज डॉक्टरानं. 1898 मध्ये केंब्रिजच्या मोहिमेबरोबर तो टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला आणि तिथं त्यानं लोकांच्या वंशावळी काढल्या. त्याचा नियम साधा होता: प्रश्नात आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरायचे. भाऊ, काका असले शब्द टाळायचे, कारण प्रत्येक भाषेत त्यांचा पसारा वेगळा असतो. मराठी माणसाला हे वेगळं समजावायला नको. "भाऊ किती?" म्हणून विचारा, बोलण्याच्या ओघात 'चुलत' गळून पडतो आणि दोघांचे सात होतात. म्हणून आम्ही विचारतो, "तुमच्या आईच्या पोटची किती?"

हाच रिव्हर्स पुढे 1901-02 मध्ये निलगिरीच्या तोडांकडे आला आणि अडकला. मेलेल्या नातेवाइकांची नावं घ्यायची नाहीत, असा त्यांचा दंडक. दुसऱ्यांकडून ती काढता काढता त्याच्या नाकी नऊ आले. आमच्या आजींची अडचण याच जातीची, फक्त नवऱ्यापुरती.

"यजमानांचं नाव?"

आजी हसल्या. पदर सारखा केला. "पंढरीत इटंवर कोण हुबाय?"

विद्यार्थ्यानं उत्साहानं विठ्ठल लिहिलं. आजींनी मान हलवली. पांडुरंग? तेही नाही. मुलगी म्हणाली, पंढरीनाथ. आजी शेंगा फोडत गप्प. शेवटी नातू आतून रेशनकार्ड घेऊन आला तेव्हा एकदाचा त्रिकोण भरला. उखाण्यात घ्यायला आजींची ना नव्हती, पण त्याला चारचौघी लागतात म्हणाल्या.

तेवढ्यात थोरली सून चहा घेऊन आली आणि "आत्या, तुमचा बिनसाखरेचा" म्हणाली. सासूला आत्याबाई म्हणायची रीत पोरांना ठाऊक होती, त्यांनी तिकडे कान दिला नाही. मी खुणेनं थांबवलं. ही खरीच आत्या निघाली. सून आजींच्या सख्ख्या भावाची मुलगी. कागदावर लांब वळसा घालून दोन रेघा एकाच वर्तुळाला येऊन भिडल्या. मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची चालत नाही, ही मराठा-कुणब्यांतली रीत इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी ग्रंथात मांडली आहे. उत्तरेत दोन्ही वर्ज्य, दक्षिणेत बऱ्याच जातींत दोन्ही चालतात, आपण मधे. वर्गात हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो आणि पोरं दरवर्षी परीक्षेत उलटं लिहितात. चहाच्या कपासकट समोर आलेलं बहुधा विसरणार नाहीत.

मग मुलांचा प्रश्न. विद्यार्थ्यानं विचारलं, "आजी, मुलं किती?"

"तीन."

तीन मुलगे, एवढाच त्याचा अर्थ. लेकी सासरी नांदतात, त्या या आकड्यात येत नाहीत. मी पुन्हा विचारलं, "बाळंतपणं किती झाली?"

आजींचे हात पहिल्यांदा थांबले. "झाली नऊ. हाती लागली पाच."

त्यानंतर पाऊण तास त्याच बोलत होत्या. सनावळी कुणाला पाठ असते? पहिला कोयनेच्या भूकंपाच्या साली, थंडीत. म्हणजे 1967 चा डिसेंबर. दुसरी त्याच्या पाठची. बहात्तरच्या दुष्काळात त्या पोटुशी असताना खडी फोडायला जात, तिथं सुकडी मिळायची; ते पोर सव्वा महिन्याचं होऊन गेलं. आम्ही साल लिहीत होतो, त्या दुष्काळ सांगत होत्या. एक मुलगी बारशाआधीच गेली.

"नाव?" विद्यार्थिनीनं सवयीनं विचारलं आणि तिची तीच ओशाळली.

"बारशाआधी कुठलं नाव, बाई."

तिनं वर्तुळ काढलं, तिरकी रेघ मारली, पुढची जागा कोरी सोडली.

रात्री शाळेत सगळे कागद जमिनीवर पसरून जोडायचे, हे काम सगळ्यांत किचकट. इथंच चुका सापडतात. मागं एका वस्तीवर आम्ही एकाच बाईची दोन वर्तुळं काढली होती: एका घरात बहीण म्हणून माहेरच्या नावानं, दुसऱ्या घरात बायको म्हणून सासरच्या. लग्नात नाव बदललेलं, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पुण्याला परतल्यावर तिसऱ्या आठवड्यात घोळ कळला, तोवर गावची लोकसंख्या आम्ही एकानं वाढवून ठेवली होती. तेव्हापासून प्रत्येक वर्तुळाखाली दोन नावांची जागा असते. पक्क्या प्रतीत तर नाव जातच नाही. माणसाची ओळख उघडी पडू नये म्हणून फक्त क्रमांक.

आजींच्या कागदावर एक जागा मात्र पार रिकामी राहिली होती. आईच्या आईचं नाव त्यांना आठवेना. "आजीला नावानं कोण हाक मारतं? आम्ही आजीच म्हणायचो."

निघायच्या सकाळी सामान जीपमध्ये चढत होतं. आजींचा नातू पळत आला, हातात वहीचा फाडलेला तुकडा. रात्री दोन वाजता आजीला आठवलं, म्हणाला. मला उठवून लिहायला लावलं.

कागद गुंडाळून नळीत गेले होते. ते पुन्हा काढून बॉनेटवर पसरले, चारी कोपऱ्यांवर चार हात. विद्यार्थिनीनं पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि शेजारी क्रमांक टाकला, 112.