लांडगा आला रे आला!

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्ही लहानपणीच ऐकली असेल. मेंढ्या राखणारा पोरगा गंमत म्हणून दोनदा खोटी आरोळी ठोकतो. गावकरी धावत येतात आणि फसतात. तिसऱ्या वेळी लांडगा खरोखरच येतो, पण आरोळी ऐकूनही कोणी जागचे हलत नाही. खोटे बोलू नये, हे या गोष्टीचे तात्पर्य. परंतु या गोष्टीत विज्ञानाचाही एक धडा आहे. तो मला प्रयोगशाळेत नव्हे, तर माळावरच्या एका वस्तीवर शिकायला मिळाला.

वस्तीवरची ती रात्र

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बारावीच्या वर्गातला माझा एक विद्यार्थी जानेवारी महिन्यात चार दिवस आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की त्यांच्या शेतातल्या वस्तीवर रात्री लांडगे आले आणि तीन शेळ्या व एक करडू मारून गेले. दुभती शेळी म्हणजे अशा घरातली बँकच. या मुलाच्या पुढल्या वर्षाच्या फीची तरतूद त्या शेळ्यांवर होती.

पुढच्या रविवारी मी वस्तीवर गेलो. गावातली तरुण मंडळी जमली होती. "उरलेल्या मढ्यात औषध घालू, म्हणजे पुन्हा येणार नाहीत," असे त्यांचे म्हणणे पडले. औषध म्हणजे पिकावर फवारायचे विष. मुलाच्या आजोबांनी, ज्यांना सारे आबा म्हणतात, त्याला साफ नकार दिला. त्यांचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे गेले होते. ते म्हणाले, "लांडगा उपाशी असंल, पर येडा न्हाय. आपन येडं झालो म्हनून त्यो आत आला."

आपण वेडे झालो म्हणजे काय झाले, हे समजण्यासाठी आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ.

माळावरचा लांडगा

युरोप-अमेरिकेतील बर्फाळ प्रदेशातले लांडगे अंगाने मोठे, दाट केसांचे आणि पुष्कळदा ४० किलोग्रॅमच्याही वर वजनाचे असतात. आपला लांडगा त्यांच्या मानाने सडपातळ. त्याचे वजन साधारण २० किलोग्रॅम. दाट जंगलापेक्षा गवताळ माळराने, खुरटी झुडपे आणि ओढ्याकाठच्या घळी हे त्याचे घर. जगातील लांडग्यांच्या वंशांपैकी हा एक अतिशय प्राचीन वंश आहे, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. साऱ्या भारतात मिळून असे लांडगे आज सुमारे ३ हजारच उरले आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच लांडग्याला.

आपले माळ सरकारदरबारी 'पडीक' म्हणून नोंदले गेले, नांगराखाली आले, कारखान्यांना दिले गेले. काळवीट आणि ससे कमी झाले. लांडग्याच्या पोटात शेळ्या-मेंढ्यांचा वाटा मोठा आहे, तो यामुळेच.

त्याच्या पोटाचा हिशेब आपल्याला करता येईल. सस्तन प्राण्याला नुसते पडून राहण्यासाठी रोज किती ऊर्जा लागते, याचे एक ढोबळ सूत्र आहे. प्राण्याच्या किलोग्रॅममधील वस्तुमानाचा ३/४ घात घ्यावा आणि त्याला ७० ने गुणावे. उत्तर किलोकॅलरीत येते. २० चा ३/४ घात सुमारे ९.५, म्हणून उत्तर येते सुमारे ६६० किलोकॅलरी. रोज कित्येक किलोमीटर चालणाऱ्या लांडग्याला याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे १५०० च्या आसपास लागणार. एक किलो मांसातून साधारण एवढीच ऊर्जा मिळते. तेव्हा पाच लांडग्यांच्या कळपाला रोज ५ किलो मांस हवे. हिवाळ्यात बिळात पिल्ले असली तर त्याहून जास्त.

आता लांडग्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. काळविटामागे धावायचे तर शक्ती खर्च होते, आणि बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. उलट कुंपणातली शेळी पळू शकत नाही, आणि एका शेळीत साऱ्या कळपाची दोन दिवसांची सोय होते. फक्त माणूस आणि कुत्रा यांचा धोका आहे. धोका मोठा वाटला, तर लांडगा निघून जातो. धोका नाही अशी खात्री पटली, की आत शिरतो. मग बंदिस्त जागेत शेळ्या सैरावैरा धावू लागतात, आणि धावणारे सावज समोर असेतो त्याची शिकारीची प्रेरणा थांबत नाही. म्हणून तो खाण्यापुरती एकच न मारता तीन-चार मारतो. याला आपण क्रूरपणा म्हणतो. पण उघड्या माळावर हे सहसा घडत नाही, कारण एक पकडेपर्यंत बाकीची पळून गेलेली असतात.

उदबत्तीचा धूर

त्या रात्री मी वस्तीवरच राहिलो. शेळ्यांचे वाडगे घरापासून पन्नास पावलांवर, ओढ्याच्या काठाला होते. भोवती बोराटीचे काटेरी कुंपण होते. हवा अगदी पडलेली. झाडाचे पान हलत नव्हते. मी घरातली एक उदबत्ती मागून घेतली आणि ती पेटवून वाडग्याशी उभा राहिलो. धूर हातभर वर गेला आणि मग सावकाश, पण एकाच दिशेने, ओढ्याकडे उतरू लागला.

याचे कारण सोपे आहे. निरभ्र रात्री जमीन उष्णता उत्सर्जित करून झपाट्याने थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवेची घनता जास्त, म्हणून ती उतारावरून पाण्यासारखी सखल भागाकडे वाहते. आपल्या कातडीला हा प्रवाह जाणवत नाही, परंतु शेळ्यांचा वास घेऊन तो रोज रात्री ओढ्यात उतरत होता. ओढ्याच्या वाटेने जाणाऱ्या लांडग्याला जणू रोज आमंत्रण मिळत होते! शिवाय वास लांडग्याकडे जात असल्याने लांडग्याचा वास घराकडे येत नव्हता. आबांनी धुळीत दाखवलेले ठसेही ओढ्याच्याच बाजूने आले होते.

रात्रीची हाळी

मध्यरात्रीनंतर दूरवर लांडग्यांचे ओरडणे ऐकू आले. महाराष्ट्रातील लांडग्यांच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास झालेला आहे. त्यांच्या लांब हाळीची वारंवारता सरासरी ४०० हर्ट्झच्या थोडी वर असते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ४०० हर्ट्झला तरंगलांबी येते ३४० ÷ ४०० = ०.८५ मीटर. बोरी-बाभळीच्या फांद्या याहून पुष्कळच बारीक, त्यामुळे हा ध्वनितरंग त्यांना सहज वळसा घालून पुढे जातो. कमी वारंवारतेचा ध्वनी हवेत शोषलाही कमी जातो. त्यातच रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. उबदार हवेत ध्वनीचा वेग जास्त असल्याने वर निघालेला ध्वनी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो. म्हणून दिवसा न पोहोचणारा आवाज रात्री दूरवर पोहोचतो.

हाळी म्हणजे हल्ल्याची सूचना नव्हे. पांगलेल्या सोबत्यांना बोलावणे आणि दुसऱ्या कळपाला 'इथे आम्ही आहोत' असे सांगणे, हा तिचा उद्देश. शिकारीला येणारा लांडगा मुकाट्याने येतो.

बॅटरीचा झोत टाकला, तर मात्र त्याचे डोळे चमकतात. लांडग्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. दृष्टिपटलातून पार गेलेला प्रकाश हा थर परत पाठवतो, त्यामुळे अंधुक उजेडातही त्याला दिसते. शेळी, कुत्रा, मांजर यांच्या डोळ्यांतही हा थर असतो; माणसाच्या डोळ्यांत नसतो. आलेला प्रकाश बऱ्याच अंशी आल्या वाटेने परत फिरतो, म्हणून बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर धरली तरच ही चमक नीट दिसते. कमरेपाशी धरली, तर दिसेलच असे नाही.

खोटी आरोळी

मग चूक कुठे झाली? वाडग्याजवळच्या खांबावर या कुटुंबाने एक विजेचा दिवा लावला होता. तो रात्रभर जळत असे. घरचा म्हातारा कुत्रा दिवाळीच्या सुमारास मेला होता. "दिवा आहे ना" म्हणून दुसरा आणला नाही. आबा म्हणाले, की पहिले आठ दिवस ठसे दूर ओढ्यातच होते. मग ते रोज थोडे थोडे अलीकडे आले. लांडगे दिवा तपासून पाहत होते. तो हलत नाही, ओरडत नाही, अंगावर येत नाही, हे त्यांना कळले आणि दिव्याची भीती संपली.

याला प्राणी सरावणे असे म्हणतात. रेल्वेमार्गाशेजारी राहणारी माणसे गाडीच्या धडधडीत शांत झोपतात, ते याच कारणाने. ज्या सूचनेमागून काहीच घडत नाही, तिची दखल घेणे मेंदू थांबवतो. आता सुरुवातीची गोष्ट आठवा. वस्तीवरचा दिवा म्हणजे त्या पोराची खोटी आरोळी होती, आणि फसून फसून शहाणे झालेले गावकरी म्हणजे लांडगे!

हा अनुभव जगात इतरत्रही आलेला आहे. पूर्व युरोपात आणि रशियात शिकारी लोक दोरीला कापडाच्या पट्ट्या बांधून लांडग्यांना घेरत. फडफडणारी पताकांची दोरी लांडगे ओलांडत नसत. हीच युक्ती गुरांच्या रक्षणासाठी कॅनडात वापरून पाहिली गेली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत पताकांनी सुमारे ६० दिवसांपर्यंत लांडग्यांना थोपवले. पुढे लांडगे सरावले.

केनियात नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मासाई मुलापुढे सिंहांचा प्रश्न होता. त्याने बुजगावणे उभे केले; दुसऱ्याच दिवशी सिंहांनी त्याला ओळखले. बॅटरी घेऊन माणूस फिरत असला म्हणजे मात्र सिंह येत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. तेव्हा त्याने जुनी मोटारीची बॅटरी, सौर तावदान आणि मोटारसायकलच्या दिशादर्शक दिव्याची पेटी जोडून, फिरत्या माणसाचा भास व्हावा असे उघडझाप करणारे दिवे गोठ्याभोवती लावले. २०१३ साली त्याने हे जगापुढे सांगितले, तेव्हा तो तुमच्याच वयाचा होता.

आबांची व्यवस्था

आमचे धनगर बांधव पिढ्यान् पिढ्या हेच तत्त्व पाळत आले आहेत. खतासाठी शेतात मेंढ्या बसवताना ते जाळीची वाघर लावतात. लांडग्याला ती उडी मारून ओलांडता येईल, पण तिच्यामुळे मेंढ्या पांगत नाहीत. राखणीचे खरे काम कुत्री आणि जागता माणूस करतो. शिवाय वाडा आज या रानात, तर चार दिवसांनी त्या रानात. लांडग्याला कशाचीच सवय होऊ शकत नाही.

आबांनी तेच केले. वाडगे ओढ्याकाठचे काढून घराच्या भिंतीला लागून घेतले. कुंपणातली फट बुजवली. करडे रात्री डालग्याखाली घरात ठेवली. धनगरांच्या वाड्यावरून कुत्र्याची दोन पिल्ले आणली आणि त्यांना रेबीजची लस टोचली. पिल्ले मोठी होईपर्यंत घरातली माणसे पाळीपाळीने ओढ्याच्या बाजूला बाज टाकून झोपली आणि वेळी-अवेळी उठून बॅटरी फिरवू लागली. मेलेल्या शेळ्यांचा वनखात्याकडून पंचनामा करून घेतला आणि भरपाईचा अर्ज दिला. मढी पुरून टाकली. विष घातले असते, तर प्रथम वस्त्यांवरची कुत्रीच मेली असती, आणि राखण होती तीही गेली असती.

होळीपर्यंत पुन्हा काही नुकसान झाले नाही. एका वस्तीवरचा एका हंगामाचा अनुभव म्हणजे सिद्धता नव्हे, हे मी विज्ञानाचा शिक्षक म्हणून सांगितलेच पाहिजे. ठसे मात्र ओढ्यातच राहिले.

आणखी एक गोष्ट गंभीरपणे ध्यानात ठेवा. लांडगा सहसा माणसाला टाळतो. पण २०२४ साली उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लहान मुलांवर हल्ले झाले आणि मुले दगावली. म्हणून माळावरच्या वस्तीत लहान मुलांना रात्री उघड्यावर झोपवू नये. कोणताही लांडगा किंवा कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. मोकाट कुत्र्यांचा धोका लांडग्यांनाही आहे. पुण्याजवळच्या माळांवर कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचे २०२३ मध्ये जनुकीय तपासणीने सिद्ध झाले.

करून पाहा

हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गोठ्याजवळ किंवा शाळेच्या मैदानात उदबत्ती पेटवा. वाळलेल्या गवतापासून दूर राहा. धूर कोणत्या दिशेला जातो, ते सूर्यास्तानंतर दर अर्ध्या तासाने वहीत लिहा आणि जागेचा उतार दाखवणारा नकाशा काढा. सकाळी ऊन पडल्यावर पुन्हा पाहा. दिशा बदलते का? शिक्षकांनी या नोंदी वर्गात एकत्र कराव्यात आणि विद्यार्थ्यांना विचारावे, की या गोठ्याची राखण करायची असेल, तर बाज कोणत्या बाजूला टाकाल?