गोळी सरळ जात नाही! कागदी चकतीचं गणित

बिलोलीहून पुन्हा तुमच्यासोबत. नेहमीसारखं, ऐकायला वेळ नसेल तर वाचून घ्या.

१ ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. फायनलचे गुण ४५१.४. या खेळात दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं? १०.४ मिलिमीटर. शर्टाच्या बटणाएवढं!

आता बघा, या रायफलची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. ५० मीटर जायला तिला ०.१६ सेकंद लागतात. अकरावीचं सूत्र लावा: तेवढ्यात ती सुमारे १२ सेंटीमीटर खाली येते. म्हणून नळी किंचित वर रोखलेली असते. इथं अंतर ठरलेलं आहे, त्यामुळं हे एकदाच जुळवून घेता येतं. पण लांब पल्ल्याच्या नेमबाजीत अंतर बदलतं. वेळ दुप्पट झाला की घसरण चौपट.

तिथं कामाला येतो मॅन्युअल बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर. नाव मोठं, वस्तू साधी: कागदी तक्ता, सरकपट्टी किंवा गोल चकती. डिलिव्हरीची तारीख काढायला दवाखान्यात चकती फिरवतात ना, तसलीच. आमच्या भाषेत लुकअप टेबल!

एक उदाहरण करू. कोन मोजायचं एकक ‘मिल’. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटीमीटर, ३०० मीटरवर ३०. समजा तक्ता म्हणतो, ३०० मीटरवर गोळी ६० सेंटीमीटर खाली येईल. ६० भागिले ३०, म्हणजे २ मिल. दुर्बिणीची एक क्लिक ०.१ मिलची असेल तर २० क्लिक वर. झालं!

उन्हाचाही हिशोब असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, ४० अंशांना, हवा १५ अंशांच्या मानानं सुमारे ८ टक्के विरळ असते. विरोध कमी, म्हणून घसरणही थोडी कमी.

मग अ‍ॅप असताना चकती कशाला? एक तर स्पर्धेत फायरिंग लाइनवर खेळाडूला मोबाइल वापरता येत नाही. दुसरं, अ‍ॅपला वाऱ्याचा आकडा शेवटी माणूसच देतो. ५० मीटरच्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर वाऱ्याची छोटी निशाणं असतात. सेकंदाला ३ मीटरचा आडवा वारा गोळीला सुमारे २ सेंटीमीटर ढकलतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर. तोच वारा ३० अंशांनी तिरपा आला तर परिणाम निम्मा. हा अंदाज चुकला तर अ‍ॅप चुकीचं उत्तर अगदी दशांशापर्यंत अचूक देईल.

गंमत म्हणजे आपला संगणकही याच तक्त्यांचं लेकरू. १९४६ मध्ये जगासमोर आलेला एनिॲक अमेरिकी सैन्यानं तोफांचे तक्ते काढायलाच बनवून घेतला होता. एका मार्गाचं गणित करायला माणसाला २० तास लागायचे, एनिॲकला ३० सेकंद.

बंदूक परवान्याशिवाय नको, पण कागद-पेन्सिलला परवाना लागत नाही. आजचं घरचं काम: २०० मीटरवर ३० सेंटीमीटर घसरण, क्लिक किती? उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!