उपग्रहाला क्षार कसे दिसतात?

सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात पाण्याचा अतिवापर आणि तुंबलेला निचरा यांमुळे फार मोठं क्षेत्र क्षारपड झालं आहे. अशी जमीन उपग्रहातून शोधायची तर मार्च ते मे हे महिने उत्तम. आभाळ निरभ्र असतं, बरीच रानं मोकळी असतात आणि बाष्पीभवनामुळे क्षार वर येऊन पांढरा थर धरतात. हा थर दृश्य आणि जवळच्या अवरक्त प्रकाशात साध्या मातीपेक्षा जास्त उजळ दिसतो.

युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह तरंगलांबीच्या 13 पट्ट्यांत प्रकाश टिपतात. त्यातल्या सर्वांत बारीक तपशिलाच्या पट्ट्यांत चित्राचा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा! अमेरिकेच्या आताच्या लँडसॅटचा ठिपका 30 मीटरचा, पण लँडसॅटची चित्रं 1972 पासूनची आहेत, त्यामुळे क्षार कुठून कुठे पसरले हे कळतं. दोन्ही चित्रं मोफत मिळतात, हे फार मोलाचं.

उभ्या पिकाखालची माती दिसत नाही. तिथे पिकाच्या हिरवेपणावरून अंदाज बांधतात. मात्र पीक रोगाने किंवा पाण्याच्या ताणानेही पिवळं पडतं. चोपण जमीन तर आणखी फसवी, कारण सोडियम वाढूनही तिच्यावर पांढरा थर दिसेलच असं नाही. शिवाय उपग्रहाला फक्त वरचा पातळ थर दिसतो, मुळांजवळचे क्षार नाहीत. म्हणून नकाशावरच्या संशयित जागी जाऊन मातीचे नमुने घ्यावेच लागतात. त्या मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रावाची) विद्युतवाहकता दर मीटरला 4 डेसिसीमेन्सच्या वर गेली, की जमीन क्षारयुक्त धरतात.