अंदाज वाचा, पण ओल बघून पेरा



मृग तोंडावर आला की गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो, "साहेब, यंदा पेरायचं कधी?" आणि जुलै उजाडला की दुसरा, "पाऊस सांगितला होता, मग आमच्याकडं का पडला नाही?" तोवर बियाणं मातीत गेलेलं असतं, खताची उधारी डोक्यावर असते आणि दुबार पेरणीची वेळ आलेली असते. कधी अंदाज चुकतोही. पण पुष्कळदा आपण तो नीट वाचलेला नसतो, पारावर नुसता ऐकलेला असतो.

आधी ढग कसा होतो ते समजून घेऊ.

समुद्र, तलाव, झाडं, ओली जमीन यांतून पाण्याची वाफ सतत हवेत जात असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवा वर चढली की पसरते आणि थंड होते. कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने गार होत जाते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तशीच ही वाफ धूळ, धूर आणि समुद्री मिठाच्या बारीक कणांवर जमते. अशा असंख्य सूक्ष्म थेंबांचा मिळून ढग होतो. हे थेंब इतके लहान, की साधारण दहा लाख एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो. तेवढे जमले नाहीत तर आभाळ भरून येतं आणि न पडताच निघून जातं.

आता हवेला वर चढवतं कोण? उन्हाळ्यात तापलेली जमीन. मग दुपारनंतर कापसाच्या गंजीसारखे ढग उभे राहतात आणि वळीव कोसळतो. एका शिवारात पाणीच पाणी, बांधापलीकडं धूळ. पावसाळ्यात हे काम सह्याद्री करतो. अरबी समुद्रावरचं वारं डोंगराला अडून वर चढतं, गार होतं आणि घाटमाथ्यावर रितं होतं. पूर्वेकडं उतरताना तीच हवा पुन्हा तापते आणि ढग विरतात. आपल्या सातारा जिल्ह्याचंच बघा. महाबळेश्वरला वर्षाची सरासरी ५५०० मि.मी.च्या वर, आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या दहिवडीला ५०० मि.मी.च्या आसपास. कमी दाबाचा पट्टा तयार झाला तर मात्र मोठ्या भागावर हवा वर उचलली जाते. माण-खटावची भिस्त बरीचशी अशा पावसावर आणि परतीच्या पावसावर असते.

म्हणून "जिल्ह्यात पाऊस" एवढंच ऐकून तिफण जुंपू नका. हवामान विभागाचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि त्यावरचा कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यातले शब्द मोजून-मापून ठरवलेले असतात.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या केंद्रांवर. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून जास्त आणि 'बहुतेक ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्श्याच्या वर. तुरळक म्हटलं असेल तर चारातली तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज चुकला असं होत नाही!

तसंच पावसाच्या मापाचं. दिवसाला १५.५ मि.मी.पर्यंत हलका, त्यापुढं ६४.४ पर्यंत मध्यम, आणि ६४.५ पासून जोरदार. ढगांचा आकडा शून्य ते आठ असा असतो. आभाळाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकले, ते तो सांगतो. आठ लिहिलं म्हणजे आभाळ पूर्ण झाकलेलं, एवढाच त्याचा अर्थ. पावसाचा रकाना वेगळा असतो, तो बघा.

राहिलं आपल्या रानाचं. ते आपणच मोजायचं. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा झाड-भिंतीपासून लांब उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, वहीत मांडा आणि डबा रिकामा करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण तापलेल्या जमिनीत २०-२५ मि.मी. वरच्या वर जिरून जातो. बी फुगतं, कोंब येतो, खाली ओल नसते आणि चार उन्हांत कोंब करपतो. म्हणून कोरडवाहू रानात ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. त्यातही वळवाचे सुटे आकडे महिनाभर जमवून बेरीज करू नका. मधल्या उन्हात ते पाणी उडून गेलेलं असतं. कुदळीनं वीतभर खणून बघा, खालच्या मातीचा मुठीत गोळा वळतो का ते तपासा.

शेजाऱ्यानं पेरलं म्हणून जीव खालीवर होतो, हे मी दर वर्षी बघतो. पण त्याच्या रानावर पडलेला ढग तुमच्या बांधापर्यंत आलाच असेल असं नाही. डबा, वही आणि मंगळवार-शुक्रवारचा अंदाज, तिन्ही जुळले की खुशाल चाडं धरा.