एका ट्रकच्या मालकाचा नफा: जालन्यातील गैरसमज आणि वस्तुस्थिती

जालना जिल्ह्यातील मालवाहतूक मुख्यतः पोलाद उद्योगावर उभी आहे. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांसाठी भंगार बाहेरून येते, तयार सळई बाहेर जाते, आणि हंगामानुसार मोसंबी, कापसाच्या गाठी व बियाणे यांची भाडी मिळतात. माल उपलब्ध असूनही एकच ट्रक असलेल्या मालकाच्या हाती काही उरत नाही, तेव्हा दोष भाड्याच्या दराला दिला जातो. दर अनेकदा कमी असतात हे खरे, परंतु हिशेबाविषयीच्या चुकीच्या समजुतीही तितक्याच महाग पडतात.

पासिंगपेक्षा, म्हणजे नोंदणीत मंजूर झालेल्या एकूण वजनापेक्षा, जास्त माल भरला की नफा वाढतो, ही त्यांतील सर्वांत रूढ समजूत. सळई थोड्या जागेत पुष्कळ वजन देत असल्याने हा मोह जालन्यात विशेष असतो. तीन आसांच्या ट्रकची मर्यादा 2018 मध्ये 25 टनांवरून 28.5 टन करण्यात आली, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये आणि त्याशिवाय प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. पाच टन जादा माल पकडला गेला तर 30,000 रुपये जातात, जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि पकडला न गेला तरी टायर, पाटे व ब्रेक यांची झीज मालकाच्याच माथी बसते.

दुसरी समजूत अशी की डिझेल, टोल आणि चालकाचा भत्ता वजा केल्यावर उरते तो नफा. यात स्थिर खर्च, म्हणजे गाडी उभी असली तरी चालू राहणारे हप्ता, विमा, कर व पगार, हिशेबाबाहेर राहतात. उदाहरणादाखल हा खर्च महिन्याला 75,000 रुपये धरला, तर महिन्यात 5,000 किलोमीटर धावणाऱ्या गाडीवर त्याचा भार किलोमीटरला 15 रुपये पडतो आणि 7,500 किलोमीटर धावणाऱ्या गाडीवर 10 रुपये. लिटरला चार किलोमीटरचे एव्हरेज आणि 92 रुपयांचे डिझेल धरल्यास इंधनाचे 23 रुपये त्यात मिळवावे लागतात. व्यवसायाचे मर्म या आकड्यांत आहे: नफा गाडी किती भरली यापेक्षा ती किती दिवस भरलेली धावली यावर ठरतो.

परतीच्या भाड्याचा निर्णयही याच कसोटीवर घ्यावा लागतो. ‘रिकामे येण्यापेक्षा मिळेल ते भाडे बरे’ हे त्याच दिवशी माल मिळत असेल तर बहुधा योग्य ठरते, कारण 400 किलोमीटरच्या परतीत रिकाम्या गाडीचे एव्हरेज पाच धरले तर भरलेल्या गाडीला सुमारे 20 लिटरच, म्हणजे 1,840 रुपयांचे, जादा डिझेल लागते. मात्र जालन्यात पुढचे भाडे तयार असताना मालाची वाट पाहण्यात दोन दिवस खोटी झाली, तर दिवसाला 2,500 रुपयांप्रमाणे स्थिर खर्चाचेच 5,000 रुपये त्यात मिळवले पाहिजेत. दलाली व हमाली वजा जाता 6,840 रुपयांपेक्षा कमी देणारे भाडे अशा वेळी सोडून रिकामे येणे शहाणपणाचे असते.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी पूर्ण खुला झाल्यापासून त्याने गेले की फायदाच, असे मानले जाते. तेथील टोल अंतरानुसार आणि आसांच्या संख्येनुसार वाढतो. वाचलेल्या तासांतून महिन्याकाठी एखादी जादा फेरी निघत असेल तरच तो वसूल होतो, आणि लवकर पोहोचलेली गाडी रात्रभर कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहणार असेल तर तो वाया जातो. शिवाय ताशी 60 ऐवजी 80 किलोमीटर वेगाने धावताना हवेचा अवरोध सुमारे पावणेदोन पट होतो, त्याचे डिझेल वेगळे.

कर्ज फिटले की सगळी कमाई आपली, हाही भ्रमच. आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावी लागते, दुरुस्ती वाढते आणि पुढच्या गाडीची रक्कम याच गाडीतून उभी करायची असते.

दहापर्यंत मालवाहने असणाऱ्यांसाठी आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची पद्धत असल्यामुळे वही ठेवण्याची गरज नाही, असेही समजले जाते. या पद्धतीत एकूण 12 टनांवरील वाहनाचे उत्पन्न टनामागे महिना 1,000 रुपये धरतात, त्यामुळे 28 टनांच्या गाडीवर ते महिन्याला 28,000 रुपये होते, आणि गाडी महिनाभर उभी असली तरी ती मालकीची असल्याने ही रक्कम धरली जाते. प्रत्यक्ष उत्पन्न यापेक्षा कमी असल्याचे दाखवायचे तर हिशेबाची पुस्तके आणि त्यांचे लेखापरीक्षण लागते. प्रत्येक फेरीचे किलोमीटर, डिझेल, टोल आणि खोटीचे दिवस यांची नोंद एका ट्रकच्या मालकानेही पहिल्या दिवसापासून ठेवावी.