आधी ईसीजी पाठवा, मग बोलू

छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी १० मिनिटांत काढायचा, हा नियम जुनाच. २०२० च्या उन्हाळ्यात, कोविडच्या टाळेबंदीत, आमच्या तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात त्यात भर पडली. ईसीजीचा कागद टेबलावर सपाट पसरायचा, मोबाइलची सावली न पाडता फोटो काढायचा आणि जिल्ह्याच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. खाली वय, दुखणं सुरू झाल्याची वेळ, रक्तदाब, ऑक्सिजन. रुग्णाचं नाव नाही.

ग्रुपवरचे तज्ज्ञ वेगवेगळ्या खाजगी रुग्णालयांतले, म्हणजे एरवी एकमेकांचे स्पर्धकच. एकाची कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, कर्मचारी विलगीकरणात गेल्यामुळे बंद पडली, की त्याचा रुग्ण दुसऱ्याकडे निमूट जाऊ लागला. हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

खरा वाद असायचा सुई की फुगा याचा. ईसीजीतला ‘एसटी’ हा भाग वर गेलेला झटका म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद. निदानापासून १२० मिनिटांत फुगा घालून ती उघडता येणार असेल, तर अँजिओप्लास्टी सरस. नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, म्हणजे लायसिस. टाळेबंदीत ते १२० मिनिटांचं गणित कोसळलं. वाटेत नाकाबंदी, दारात स्वॅब, आत पीपीई किट, त्याखाली शिशाचा जड एप्रन. साथीच्या सुरुवातीला चिनी डॉक्टर लायसिसकडे वळले होते. अमेरिकी संघटनांनी मात्र एप्रिल २०२० मध्ये सांगितलं, की वेळेत करता येत असेल तर अँजिओप्लास्टीच. आमच्या ग्रुपवर दोन्ही पक्षांचे लोक होते आणि रात्री दोन वाजताही भांडत होते. मला ते भांडण हवंहवंसं वाटे. एकट्याने ठरवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

‘लायसिस द्या’ असं उत्तर आलं, की आमची प्रश्नावली सुरू. मेंदूत कधी रक्तस्राव? अलीकडे ऑपरेशन? शौचाला काळं होतंय? रक्तदाब १८०/११० च्या वर? सगळ्याला ‘नाही’ मिळालं की टेनेक्टेप्लेज, वजनाच्या हिशेबाने, काही सेकंदांत एकच इंजेक्शन. ते परवडत नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज, १५ लाख युनिट, तासाभरात सलाईनमधून, रक्तदाबावर डोळा ठेवून. मग वाट पाहणं. दीड तासाच्या आत पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्याने खाली आला आणि दुखणं ओसरलं, तर बहुधा वाहिनी उघडली. मध्येच मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पळतात, नातेवाईक घाबरतात. पुष्कळदा ती रक्त पुन्हा वाहू लागल्याची खूण असते. अँजिओग्राफी मग ३ ते २४ तासांत. एसटी उतरला नाही तर मात्र लगेच गाडी काढायची.

एक गोष्ट मी आग्रहाने मागितली: अंगठ्याची खूण नको, शब्दांत लिहा. सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी, नेमक्या टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, जाहीर केली होती. म्हणजे दुरून दिलेल्या सल्ल्याला आधार होता, तरी सुई टोचणारा हात माझा होता.

त्यात कोविडची फसवेगिरी. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी कोविड आणि एसटी वर गेलेले १८ रुग्ण नोंदवले. झटका होता फक्त ८ जणांना. बाकीच्यांच्या हृदयाला दुसऱ्याच कारणाने इजा झालेली. अशा माणसाला लायसिस म्हणजे फुकटचा धोका. म्हणून ग्रुपवर हुकूम सुटायचा, ‘आधी इको बघा’, आणि आमचं जुनं यंत्र चालू व्हायलाच पाच मिनिटं घ्यायचं.

मात्र सर्वांत जास्त नुकसान झालं ते न आलेल्या रुग्णांचं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने १८७ रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या. २०१९ च्या तुलनेत २०२० च्या टाळेबंदीच्या महिन्यांत झटक्याचे दाखल रुग्ण सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. झटके कमी झाले असं मला वाटत नाही. माणसं ‘गॅस झालाय’ म्हणत घरी बसली. रुग्णालयात गेलं की कोविड वॉर्डात टाकतील, ही भीती. काही तिसऱ्या दिवशी पायांवर सूज आणि धाप घेऊन आली. लायसिसचा उपयोग पहिल्या १२ तासांत, त्यातही पहिल्या तीनांत सर्वाधिक. तिसऱ्या दिवशी ग्रुपवर विचारण्यासारखं फारसं उरत नव्हतं.

साथ ओसरल्यावर ग्रुप थंडावला आणि रुग्ण पळवापळवी परत आली. माझ्या मते हे चूक आहे. प्रत्येक तालुक्यात कॅथलॅब होणार नाही. पण ईसीजी वाचून दहा मिनिटांत लेखी सल्ला देणारा तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला आजही मिळू शकतो. त्याला एक मोबाइल आणि ठरलेली पाळी एवढंच लागतं. जिल्ह्याच्या वैद्यकीय संघटनांनी ती पाळी पुन्हा लावावी.

आणि तुम्ही, छातीत दाटून आलं, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला तर १०८ ला फोन करा. दुखणं किती वाजता सुरू झालं, तेवढं घड्याळात बघून ठेवा.